तळ्यावर घोडे धावतात तेव्हा खाली काय चाललेलं असतं?

फेब्रुवारी २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झ गावात टी-२०चे दोन सामने झाले. एका संघात वीरेंद्र सेहवाग, आपला श्रीरामपूरचा झहीर खान आणि मुंबईचा अजित आगरकर. समोर शाहिद आफ्रिदी, शोएब अख्तर, जॅक कॅलिस. पहिल्या सामन्यात सेहवागने ३१ चेंडूंत ६२ धावा कुटल्या, तरी सामना हरला तो हरलाच. पण आकडे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, लक्षात राहिलं ते मैदान. गोठलेल्या तळ्यावर मॅटिंग अंथरून हे लोक खेळत होते.

त्या सामन्याचा व्हिडिओ अजूनही फिरतो. दर हिवाळ्यात त्याच तळ्यावरच्या घोड्यांच्या शर्यतींचा व्हिडिओही येतो. दोन्हींखाली एक प्रश्न हमखास असतो: ‘आणि फुटला तर?’ प्रश्न रास्त आहे. फ्रिजमधल्या ट्रेचा बर्फ आपण बोटांनी मोडतो, आणि इथे अर्ध्या टनाचा घोडा चौखूर उधळतोय.

या भागात हिवाळ्यात जे जे विचित्र वाटणारं चालतं, तळ्यावरच्या शर्यती, पोटावर झोपून बर्फाच्या नळीतून खाली येणं, बर्फाचं ‘गाणं’ ऐकायला जाणं, त्या सगळ्याचं मूळ पाण्याच्या दोन-तीन खोडींत आहे. त्या समजल्या की बाकीचं आपोआप सुटतं.

गाव कुठलं, तळं केवढं

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात ग्राउब्युन्डेन नावाचा प्रांत आहे. त्यात इन नदीचं उंचावरचं खोरं, त्याचं नाव एंगाडीन. सेंट मॉरिट्झचं तळं समुद्रसपाटीपासून १,७६८ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिलात तरी हे तळं तुमच्यापेक्षा शंभरेक मीटर उंच. सगळ्यात खोल जागी ते ४४ मीटर आहे. खोरं सपाट तळाचं, दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे थंड जड हवा रात्री खाली उतरून तिथेच बसते, वाटीत पाणी साचावं तशी. जानेवारीत पारा उणे २०च्या खाली गेला तर तिथे कुणी भुवया उंचावत नाही.

हिवाळी पर्यटनाची सुरुवात इथे कशी झाली याची एक गोष्ट सांगतात. १८६४ च्या उन्हाळ्यात योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली: हिवाळ्यात येऊन बघा, ऊन मिळालं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत हललेच नाहीत. गोष्टीला मीठमसाला लागला असणारच. पण त्यानंतर रिकाम्या वेळाचं काय करायचं या चिंतेतून इंग्रजांनी इथे जे खेळ काढले, ते मात्र अगदी खरे आहेत. १९०७ पासून तळ्यावर घोड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक इथे झाली.

तळं वरून गोठतं, आणि तिथेच थांबतं

बहुतेक पदार्थ थंड होतील तसे आक्रसतात आणि जड होतात. पाणीही होतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली गेलं की ते पुन्हा फुगायला, हलकं व्हायला लागतं. ही पहिली खोड.

तळ्यात त्याचा परिणाम असा होतो. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन तळाशी जातं, खालचं तुलनेने कोमट पाणी वर येतं, तेही गार होतं. पळीने ढवळल्यासारखं हे चालू राहतं. पूर्ण तळं ४ अंशांवर आलं की ढवळणं बंद पडतं, कारण यापुढे गार होणारं पाणी हलकं असतं आणि वरच राहतं. मग एखाद्या शांत, निरभ्र रात्री वरचा पापुद्रा गोठतो. खाली मात्र ४ अंशांच्या आसपासचं पाणी असतं आणि मासे आपले संथपणे फिरत असतात.

दुसरी खोड: बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ८ टक्के हलका. म्हणून तो तरंगतो, आणि तरंगता तरंगता स्वतःच पाण्याची गोधडी होतो. जसजसा जाड होतो तसतशी खालच्या पाण्यातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून जाडी वाढण्याचा वेगही मंदावतो. पहिले दहा सेंटीमीटर झटपट होतात, पुढच्या दहासाठी कितीतरी जास्त थंड रात्री लागतात. सगळं तळं तळापर्यंत गोठत नाही ते यामुळे.

हिम वेगळं, बर्फ वेगळा

मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, कारण आपल्याला फरक करायची वेळच येत नाही. या लेखापुरतं ठरवून घेऊ: आकाशातून भुरभुरत पडतं ते हिम, पाणी गोठून होतो तो बर्फ.

फरक महत्त्वाचा आहे, कारण ताजं हिम म्हणजे मुख्यतः हवा. कापसाच्या दुलईसारखं ते उष्णता अडवतं. तळं नुकतं गोठलंय आणि त्यावर अर्धा मीटर हिम पडलं, तर बाहेर उणे १५ असूनही खालचा बर्फ जाड व्हायचा थांबतो. आपल्याला वाटतं, भरपूर हिम पडलं म्हणजे तळं भक्कम झालं असेल. नेमकं उलट असतं. म्हणूनच सेंट मॉरिट्झच्या तळ्याची निगा राखणारे लोक मोसमाच्या सुरुवातीला हिम दाबून घट्ट करतात. हवा निघून गेली की दुलईची चादर होते आणि थंडी खालपर्यंत पोचते. शर्यतीचा मार्ग एका दिवसात तयार होत नाही. आठवडेच्या आठवडे यात जातात, भोकं पाडून जाडी मोजली जाते.

बर्फ ही जमीन नव्हे, तराफा आहे

आता मूळ प्रश्न. वजन कोण पेलतं?

आपण डोळ्यांपुढे काचेची फरशी आणतो, दोन्ही टोकांना टेकवलेली. तशी रचना असती तर मधोमध घोडा गेल्यावर ती कधीच तुटली असती. प्रत्यक्षात बर्फाची लादी काठावर टेकलेली नसून पाण्यावर पडलेली असते. घोडा उभा राहिला की त्याच्याखालचा बर्फ परातीसारखा किंचित खोलगट होतो, तेवढं पाणी बाजूला सरतं, आणि बाजूला सरलेलं पाणी वर ढकलतं. घोडा आणि स्वार मिळून साडेपाचशे किलो धरा, तर साडेपाचशे लिटर पाणी सरकलं की हिशेब मिटला. बर्फ अर्धा मीटर जाड असेल तर हा खळगा कित्येक मीटर पसरतो आणि मधोमध त्याची खोली जेमतेम मिलिमीटरभर भरते. वजन पेलतं पाणी. बर्फाचं काम एवढंच की ते वजन आजूबाजूला वाटून द्यायचं, न मोडता वाकायचं.

न मोडता वजन वाटून देण्याची ही क्षमता जाडीच्या वर्गाने वाढते. अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: स्वच्छ बर्फाच्या सेंटीमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, मग साडेतीनने गुणा, येईल तेवढे किलो वजन बर्फ सुरक्षितपणे पेलेल. १० सेंटीमीटरला ३५० किलो. २० ला १,४००. ४० सेंटीमीटरला ५,६००, म्हणजे भरलेला छोटा ट्रक. जाडी चौपट, ताकद सोळापट.

हा नियम पारदर्शक बर्फाचा. हिम भिजून गोठल्यावर जो पांढरा, दुधी बर्फ होतो त्यात हवेचे बुडबुडे असतात. त्याची ताकद साधारण निम्मी धरतात. (घरच्या ट्रेमधला खडा उजेडात धरून बघा, मध्यभागी हेच बुडबुडे दिसतील.)

मग धोका नसतोच?

असतो, आणि तो भलत्याच वाटेने येतो.

बर्फ हलका म्हणून तरंगतो हे खरं, पण फार हलका नाही. अर्धा मीटर जाड लादीचा फक्त चार सेंटीमीटर भाग पाण्याच्या पातळीच्या वर असतो. तिच्यावर हिमाचा मोठा थर बसला किंवा तंबू, प्रेक्षक, गाड्या असा भार वाढला की लादी तेवढी खाली दबते. भेग सापडली की पाणी त्यातून वर येतं आणि हिमाखाली लपून बसतं. वरून सगळं पांढरंशुभ्र, आत चिखल. फेब्रुवारी २०१७ मध्ये असंच झालं. शर्यतीत तीन घोडे पडले, एका ब्रिटिश जॉकीला गंभीर दुखापत झाली, एक घोडा दगावला आणि त्या दिवशीचा कार्यक्रम तिथेच थांबवावा लागला. लादी मोडून कुणी बुडालं नव्हतं. भेगेतून वर आलेल्या पाण्याने मार्ग आतून मऊ केला होता.

दुसरा धोका उभ्या गाडीचा. धावणाऱ्या घोड्यापेक्षा तासन्‌तास एका जागी उभी असलेली गाडी बर्फाला जास्त छळते, कारण बर्फ हळूहळू मेणासारखा खचत जातो. पुस्तकांच्या ओझ्याने वर्षभरात लाकडी फळी वाकते ना, तसं.

तिसरा धोका वाहत्या पाण्याचा. नदी जिथे तळ्यात शिरते आणि जिथून बाहेर पडते तिथे बर्फ पातळ असतो. लडाखमध्ये झंस्कार नदीवर चादर ट्रेक केलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. खाली प्रवाह असला की आज आहे ती चादर उद्या नसते. तळ्याचा बर्फ त्यामानाने शहाणा.

काळा बर्फ आणि त्याचं गाणं

माझ्या मते एंगाडीनमधला सर्वांत अनोखा अनुभव फुकट आहे, आणि तो वेळापत्रकात बसत नाही. काही वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात कडक थंडी पडते, पण हिम पडायच्या आधी. मग सिल्स, सिल्वाप्लाना ही वरची तळी आरशासारखी गोठतात. बर्फ इतका पारदर्शक की खालचं काळं पाणी दिसतं, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. काठाजवळ तळातले दगडगोटेही दिसतात. बातमी पसरते आणि लोक कामंधामं सोडून स्केट घेऊन धावतात, कारण पुढचं हिम पडलं की खेळ खलास.

आणि हा बर्फ बोलतो. रात्री थंडी वाढली की लादी आक्रसते, कुठेतरी तडा जातो आणि आवाज येतो तो काही कडकन मोडल्याचा नसतो. ‘प्यूऽऽव’ असा, वरच्या पट्टीतून खाली घसरत येणारा, विज्ञानपटातल्या बंदुकीसारखा. कारण सोपं आहे. तडा गेल्यावर सगळे सूर एकदमच निघतात, पण पातळ लादीतून उंच पट्टीचे सूर वेगाने धावतात आणि खर्जातले मागे रेंगाळतात. तुम्ही लांब उभे असाल तर आधी तार सप्तक पोचतं, मग मध्य, मग मंद्र. एका क्षणाचा आवाज अंतराने ओढून मींडेसारखा लांबवलेला. पहिल्यांदा ऐकणारा काठाकडे पळतो. जाणकार उभे राहून ऐकतात, कारण जाड लादीतही आक्रसताना असे तडे जातच असतात.

बर्फावर घसरायला का होतं?

शाळेत अनेकांनी शिकलेलं उत्तर: स्केटच्या पात्याचा दाब पडतो, दाबाने बर्फ वितळतो, पाण्यावर आपण घसरतो. हे उत्तर फारसं टिकत नाही. माणसाच्या वजनाच्या दाबाने वितळणबिंदू अगदी थोडा उतरतो, उणे १५ला त्याने काय होणार? शिवाय सपाट तळव्याच्या बुटांनीही आपण आपटतोच की.

खरी गंमत अशी की बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू शून्याखालीही नीट बांधलेले नसतात. वरच्या बाजूला हात धरायला शेजारीच नाही, म्हणून ते सैल असतात, जवळजवळ द्रवासारखे. मायकेल फॅरेडेने एकोणिसाव्या शतकातच हे ताडलं होतं. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर. घसरण्यासाठी सर्वांत अनुकूल तापमान उणे ७ अंशांच्या आसपास. त्याहून फार थंड झालं तर बर्फ वाळूसारखा खरखरीत वाटतो, शून्याजवळ आला तर पातं रुततं.

हे ज्ञान हाडांनी मिळवायचं असेल तर क्रेस्टा रन आहे. १८८४-८५ च्या हिवाळ्यापासून दरवर्षी बांधली जाणारी, सुमारे १,२०० मीटर लांबीची बर्फाची घसरण. लोखंडी घसरगाडीवर पोटावर झोपायचं, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून काही इंचांवर. ब्रेक म्हणजे बुटांच्या टोकांना लावलेले दाते. वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातो. एका वळणाचं नाव ‘शटलकॉक’, कारण तिथे चुकलेला माणूस फुलासारखा उडून गवताच्या पेंढ्यात पडतो, आणि पडलेल्यांचा एक क्लबही आहे, खास टायसकट! पडण्याचा असा थाट फक्त इंग्रजच करू जाणे. क्रेस्टा रन चालवणाऱ्या क्लबने १९२९ पासून बायकांना मनाई केली होती, ती उठायला २०१८ उजाडावं लागलं. तो थाट मला तितकासा गमतीचा वाटत नाही.

शेजारीच बॉबस्लेचा मार्ग आहे, १,७२२ मीटर, १९०४ पासूनचा. बॉबस्ले म्हणजे चार माणसं एकामागे एक बसतात ती बंद पोटाची घसरगाडी. जगातले बाकीचे असे मार्ग सिमेंटचे असतात आणि आत यंत्राने थंडावा खेळवलेला असतो. हा एकटाच निव्वळ हिम आणि पाण्याचा उरलाय. इटलीच्या दक्षिण टायरॉलमधले कारागीर डिसेंबरच्या सुमारास येतात, हिमात पाणी कालवून गिलावा करतात, भिंत सारवावी तशी वळणं हातांनी लिंपतात. वसंतात सगळं वितळून जातं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आपल्या पोरांचा दिवाळीतला किल्ला आठवावा, फक्त या किल्ल्यावरून ताशी १३० किलोमीटरने गाडी जाते. पुढे चालक, मागे ब्रेकवाला आणि मध्ये दोन पाहुणे अशी सव्वा मिनिटाची फेरी विकतही मिळते.

हे सगळं धनदांडग्यांचंच ना?

बरंचसं, हो. सेंट मॉरिट्झ स्वस्त आहे असं कुणीही म्हणणार नाही. शर्यतीच्या रविवारी तळ्यावर फरचे कोट आणि शॅम्पेनच जास्त दिसते. बॉबस्लेच्या त्या सव्वा मिनिटाची किंमत रुपयांत करू नये, बसल्या जागी गारठायला होतं.

पण जरा बाजूला सरलं की चित्र बदलतं. आल्बुला घाटाचा रस्ता हिवाळ्यात वाहनांना बंद होतो, आणि प्रेडा ते बेर्ग्युन हा त्याचा सहा किलोमीटरचा उतार घसरगाड्यांना मोकळा होतो. लाल आगगाडीत घसरगाडी घेऊन चढायचं, वर उतरायचं, घसरत खाली यायचं, पुन्हा आगगाडी. चारशे मीटरची चढण चढायला ती रेल्वे डोंगराच्या पोटात वेटोळी घेते. सहा-साडेसहा किलोमीटरच्या हवाई अंतरासाठी बारा किलोमीटरहून जास्त रूळ! २००८ पासून हा लोहमार्ग जागतिक वारसा यादीत आहे. आजोबा, नातवंडं, सगळे दिवसभर हेच करत असतात. डिआवोलेत्झाच्या डोंगरावर पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात स्कीइंग चालतं, त्याला तिथल्या रोमान्श भाषेत ‘ग्लूना प्लाइना’ म्हणतात, म्हणजे पूर्ण चंद्र. हिमावरून चांदणं इतकं परावर्तित होतं की बॅटरी लागत नाही. आटवलेलं दूध तेवढं नसतं.

आणि गोठलेल्या तळ्यावरून चालायला तिकीट नाही. पालिकेने तळं खुलं केल्याची खात्री करायची आणि आखलेल्या वाटेने जायचं, बस.

उणे १५ मध्ये चालणं जमतं?

पुणेकराला १० अंशांत हुडहुडी भरते, म्हणून ही शंका. हवा कोरडी आणि वारा नसेल तर उणे १५ वाटतं तेवढं क्रूर नसतं. ओल्या कपड्यांतले ५ अंश त्याहून वाईट. फसवतं ते ऊन. एवढ्या उंचीवर ते प्रखर, आणि ताजं हिम त्यातला बहुतेक भाग परत वर फेकतं. हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या आतल्या कडेला कातडी भाजते, जिथे मलम लावायचं कुणाला सुचत नाही.

आणि तापमानवाढ?

आल्प्स जगाच्या सरासरीपेक्षा साधारण दुप्पट वेगाने तापले आहेत. सेंट मॉरिट्झच्या जवळच मोर्तेराच हिमनदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती सुमारे तीन किलोमीटर मागे हटलीय. वाटेवर सालांच्या पाट्या लावल्या आहेत: या वर्षी हिमनदी इथपर्यंत होती. चालता चालता पाट्यांमधलं अंतर वाढत जातं.

तळ्याचं गणित आणखी नाजूक. जाडीचा वर्ग आठवा: थंडीचे आठवडे कमी पडून ५० ऐवजी ३५ सेंटीमीटर बर्फ झाला, तर ताकद निम्म्यावर येते. घोडा धावेल, पण हजारो प्रेक्षक आणि तंबू नाही पेलणार. ऊब नवी नाही म्हणा. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्येच उबदार वाऱ्याने बर्फ मऊ पडून दहा हजार मीटर स्केटिंगची शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. तेव्हा तो अपवाद होता.

उतारांवर हिमतोफा, म्हणजे कृत्रिम हिम पाडणारी यंत्रं, पाण्याचे फवारे मारतात. त्यात जादू नाही, आपला माठच आहे. बारीक थेंबांतलं थोडं पाणी कोरड्या हवेत उडून जातं, जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं, आणि थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतो. म्हणून हवा जितकी कोरडी तितकं काम सोपं. मुंबईतल्या दमट हवेत माठ नीट गार होत नाही तेच कारण. जवळच्या दावोसमध्ये आणखी एक युक्ती करतात: हिवाळ्यात हिमाचा डोंगर रचून लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि शरदात पसरून स्कीचा मार्ग तयार करतात. भुशातल्या लादीची ही हिकमत मुंबईला जुनी आहे. १८३०च्या दशकापासून अमेरिकेतल्या तळ्यांवर कापलेला बर्फ भुशात बांधून जहाजाने मुंबईत यायचा आणि विषुववृत्त दोनदा ओलांडूनही शिल्लक राहायचा.

तळ्याला मात्र भुसा नाही आणि तोफही नाही. त्याला थंड रात्रीच लागतात.

१ मार्चला एंगाडीनमधली मुलं गळ्यात गाईंच्या घंटा अडकवून गावभर खणखणाट करत फिरतात, हिवाळ्याला हाकलायला. या सणाला ‘चालांदामार्झ’ म्हणतात. तोवर तळ्यावरचे तंबू निघालेले असतात, बर्फ राखाडी होतो, काठाला पाण्याची रेघ उमटते, आणि एक दिवस चालण्याची वाटही बंद होते. मे महिन्यात आपल्या सहलींच्या बसगाड्या स्वित्झर्लंडला पोचतात तेव्हा इथे बघायला उरतं ते निळं, साधं तळं.